बाग लावण्याआधी, येळवशीच्या रानात

लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या बाहेर कुठल्याही रानात चला. लामजन्याकडं, किल्लारीकडं, नाहीतर तुळजापूरच्या रस्त्यानं. दिशा तुम्हीच ठरवा. धुऱ्यावर लिंबाची सावली बघून टेका, चपला बाजूला काढून ठेवा. महिना मार्गशीर्ष. सकाळचं ऊन अजून अंगाला हवंहवंसं वाटतंय. हरभऱ्याला घाटे धरलेत, तूर शेंगांनी वाकलीय, शाळू कणसात येऊ लागलाय, आणि कडेच्या करडईला हात लागला की काटा बोचतो. आता कुठं जायचं नाही. नुसतं बसायचं.

मनात एक बाग धरा. गावानं मिळून लावलेली; बाहेरच्या माणसानं यावं, हिंडावं, आणि याच मातीतलं जेवावं, अशी. आराखडा, अर्ज, कर्ज, फलक हे सगळं पुढं यायचंच आहे. त्याआधी ही बाग मनातल्या मनात सावकाश फिरून बघायची. जिथं पाय अडेल तिथं थांबायचं.

पहिल्यांदा माती. समोरचं एक ढेकूळ उचला आणि बोटांनी फोडा. वरून ते कोरडं आणि टणक आहे, पण फोडलं की आतली ओल बोटांना लागते. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस गेला. तेव्हापासून समोरचा हा शाळू आणि हरभरा बराचसा या ओलीवरच उभा आहे. काळ्या भारी मातीचं हे मोठं दान आहे, पावसाळ्यात प्यायलेलं पाणी ती हिवाळाभर पिकाला पुरवते. तिचा स्वभावही तसाच मोठा. पावसात फुगते, उन्हाळ्यात आवळते, आणि वैशाखात तिच्या भेगांमध्ये हाताचा पंजा सहज जातो. अशा रानात पक्कं बांधकाम करायचं तर पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर भिंती तडकतात. म्हणून मनातल्या बागेत सिमेंटच्या खोल्यांची रांग दिसायला लागली असेल, तर ती तिथंच थांबवा आणि या ढेकळाकडं पुन्हा एकदा बघा.

बांधकामाचा विचार इथं आणखी एका कारणानं हळू करावा लागतो. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी ती घरं. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली. भूकंपात तीच अंगावर आली. पुढं लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. या भागातल्या प्रत्येक घराला त्या पहाटेचं काहीतरी माहीत आहे. इथं येणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यावर काय असावं, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या शोभेचा उरत नाही. छप्पर हलकं असावं. गवताचं, कडब्याचं, बांबूचं. दर दोन-तीन वर्षांनी नवं करावं लागलं तरी चालेल. त्या निमित्तानं गावातल्या चार जाणत्या हातांना काम राहील, आणि ते काम तरण्या पोरांना बघायला मिळेल.

आता नजर पाण्याकडं न्या. आसपास विहीर असेल. तिच्यात डोकावल्याची कल्पना करा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्या देशानं पाहिलं. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. मनाशी एक हिशेब करा, घाई न करता. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की ते चार हजार लिटर पाणी होतं. म्हणजे त्या गाडीएवढं पाणी एका एकरावर सव्वाशे मिलिमीटर पावसात पडून जातं. एखाद्या चांगल्या पावसाळ्यात ते कितीतरी वेळा पडतं आणि ओढ्यानं निघून जातं. वरून तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि आत उतरत्या बाजूंचं शेततळं काठोकाठ भरलं तर त्यात जवळपास बावीस लाख लिटर पाणी मावतं. तसल्या चार गाड्यांहून जास्त! हे आकडे मी शांतपणे पुन्हा पुन्हा मांडून बघतो, आणि दर वेळी वाटतं की बागेची पहिली रेघ पाण्याची असावी. पाऊस कुठून उतरतो, कुठं थबकतो, कुठं माती घेऊन पळतो, हे एका पावसाळ्यात बघितल्याशिवाय रोप लावू नये. औशाचा भुईकोट किल्ला पाहिला असेल तर त्याचा रुंद खंदक आणि आतल्या विहिरी आठवा. मलिक अंबरसारख्यांच्या हाती राहिलेल्या या किल्ल्यात पाण्याची सोय किती मन लावून केलेली दिसते. आपल्या बागेला कारंजं नको आणि हिरवळही नको. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाच्या शिवारात पाहुण्यासाठी लॉन भिजवायचा, हे मला बघवणार नाही.

इथं थोडं थांबा. श्वास सावकाश होऊ द्या. वाऱ्यावर तुरीच्या शेंगा वाजतात का, ऐका.

मग मनात लोकांना येऊ द्या. त्यासाठी दिवस कल्पायची गरज नाही. असा दिवस या भागाला आहेच, वेळ अमावस्येचा. आपल्या तोंडी येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर आणि धाराशिवकडची, पलीकडं बिदर-कलबुर्गीपर्यंतची माणसं रानात जातात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शहरातली दुकानं बंद, रस्ते सुने, आणि प्रत्येक पाणंदीला माणसांची रांग. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाचंतरी बोलावणं असतं, बहुधा एकापेक्षा जास्त. रानात कडब्याची कोप उभी केलेली असते. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. आंबिलाचं बिंदगं घरून डोक्यावर आणलेलं असतं. पूजा होते, पिकावर आंबील शिंपडत शिवारभर हिंडणं होतं, आणि त्या वेळच्या आरोळीत कानडीचा सूर अजून ऐकू येतो. मग पंगत. संध्याकाळी पेटता हेंडगा घेऊन रानाभोवती फिरायचं आणि घरी परतायचं.

त्या पंगतीत बसा. पुढ्यात भज्जी आलीय. हिची घाई करू नका, ती आदल्या रात्रीपासून शिजतेय. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, वाल, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचा कोळ, आणि सगळ्याला धरून ठेवणारं डाळीचं पीठ. एक घास घेऊन जिभेवर ठेवा. त्यात कुठला दाणा कुठल्या रानातला हे सांगता येणार नाही, पण यातलं बहुतेक सगळं तुम्ही बसलात तिथून नजरेच्या टप्प्यात उगवलेलं आहे. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर. शेवटी आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवलेलं, लसूण-जिऱ्याचं, गार. फुलपात्र तोंडाला लावा. पहिल्या घोटाला आंबटपणा दातांना झोंबतो, दुसऱ्याला घसा निवतो.

आता ताटावरून नजर उचला आणि आजूबाजूचं शिवार बघा. खरिपात इथं नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं. पैशाचं पीक म्हणून ते आलं, आणि अडचणीच्या दिवसांत त्यानं अनेक घरं तारलीही. त्याला नावं ठेवायचा अधिकार शेताबाहेरच्या माणसाला नाही. पण येळवशीच्या ताटात ते कुठंच नाही. शेतात सगळ्यात जास्त पिकतं ते ताटात नाही, आणि ताटातलं बरंचसं आता शेताच्या कडेकडेनं, इरवडीच्या तासात, घरापुरतं उरलंय. या दोहोंमधलं अंतर मनात धरा. ते बोचलं तर बोचू द्या. आपल्या बागेचं काम इथंच आहे असं मला वाटतं. जे ताटात आहे त्याला पुन्हा सलग जागा द्यायची, आणि ते खाणारा माणूस धुऱ्यापर्यंत आणून सोडायचा.

या कामाला आधार कुणाचा? भूकंपानंतर घरं पुन्हा उभी करताना गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढं आणलं गेलं. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. पुढं याच बायकांबरोबर लातूर-धाराशिवकडं एक एकर शेतीची रीत रुजली. घरच्या जमिनीतलं एखादं एकर बाईच्या हाती द्यायचं. त्यात काय लावायचं ते तिनं ठरवायचं. आणि आधी घरात खायचं ते लावायचं. ज्वारी, डाळी, तेलबिया, भाजीपाला, थोड्या पाण्यावर, शेणखतावर. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षाही मला त्या एकराचा निर्णय मोलाचा वाटतो. रोख पिकांच्या गराड्यात एका बाईनं उभं राहून म्हणायचं की एवढ्यात मी खायचं लावणार, याला धीर लागतो. आपल्या बागेची मालकी, आराखडा आणि चूल अशा बायकांच्या हाती असावी. नुसती चूल त्यांच्या हाती आणि बाकी सगळं दुसऱ्याच्या, असं झालं तर ही बाग न लागलेली बरी.

बागेत काय काय असावं, ते मोजायला बसू नका. एकेक झाड मनात येऊ द्या. पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ, दोन्ही शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. लातूरच्या कास्ती कोथिंबिरीलाही ते आहे. त्या कोथिंबिरीचा वाफा पायवाटेला लागून असावा, म्हणजे जाता-येता पाय घासला तरी वास सुटेल. चिंचेला वेळ द्यावा लागेल. आज लावणाऱ्याची नातवंडं तिच्याखाली बसतील. तोवर शेवगा आणि हादगा सावली देतील, भाजीही देतील. बांधाला बोर, सीताफळ. खाली अंबाडी, चुका, शेपू. आणि पावसात आपोआप उगवणारं घोळ, पाथरी यांच्यासाठी एक तुकडा न निंदता सोडलेला. तिथं गावातली एखादी म्हातारी पाहुण्याला भाजी ओळखायला शिकवेल. तिच्या त्या तासाभराचे पैसे ठरलेले असावेत, हातावर टेकवल्यासारखे नसावेत. गोठ्यात देवणी गाय असावी. ही जात या जिल्ह्यातल्या देवणीच्याच नावाची.

आणि हुरड्याचं एक रान. गुळभेंडी, कुचकुची असल्या जुन्या जातींचं. पौषातल्या एखाद्या सकाळी आगटीशी बसल्याची कल्पना करा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खुपसलेलं आहे. बाहेर काढल्यावर ते हातात धरवत नाही, तरी धरायचं. तळव्यात घेऊन मळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. हिरवे, मऊ, धुरकट गोड दाणे तळहातावर उरतात. कणीस भाजणारा माणूस आणि खाणारा माणूस इथं हातभर अंतरावर बसतात. बोलणं सुरू व्हायला तेवढं अंतर पुरतं.

पाहुणा कोण, यावर आता सावकाश या. रत्नागिरी-नागपूर महामार्गावर औसा आहे. तुळजाभवानीला जाणारी-येणारी माणसं इथूनच जातात. खरोसा लेणी बघायला कुणी वाकडी वाट करतात. नाथ संस्थानच्या ओढीनं भजनी मंडळी येतात. हे सगळे यावेत. पण मनन करताना माझ्या डोळ्यांसमोर वेगळेच चेहरे आधी येतात. लातूर इथून वीसेक किलोमीटरवर. तिथं शिकवण्यांसाठी मराठवाडाभरातून हजारो लेकरं येऊन राहतात. खोली, मेस, अभ्यासिका, चाचणी परीक्षा, आणि पुन्हा खोली. त्यांतली कितीतरी शेतकऱ्यांची. घरून डबा येतो, पण रान सुटलेलं असतं. त्या एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीला मनात या लिंबाखाली आणून बसवा. तिच्या हातात पुस्तक नाही. पुढ्यात गरम भाकरी, ठेचा, शेंगांची चटणी. तिला कुणी काही विचारत नाही. ती तासभर नुसती बसते आणि संध्याकाळच्या बसनं परत जाते. तिच्याकडून किती पैसे घ्यायचे? या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. दूरच्या शहरातून गाडी करून येणाऱ्या कुटुंबाकडून किती घ्यायचे, तेही शेजारी ठेवून बघा. दोघांना एकच दर लावला तर बाग कुणाची होईल आणि कुणाची राहणार नाही, याचा विचार करा.

पैशाचा विषय टाळायचा नाही. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्याआधी २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामतीकडं पळशीवाडीला असं केंद्र उभं करून दाखवलं होतं. इटलीनं तर १९८५ सालीच कायदा करून ठेवला की शेतावरचा पाहुणचार हा शेतीला जोड म्हणूनच चालावा, शेती मुख्य राहावी. तो कायदा करणाऱ्यांना पुढचं दिसलं असावं. पाहुण्यांचा पैसा सोपा वाटायला लागला की शेत देखाव्यापुरतं उरतं, बैलगाडी फोटोपुरती आणि भाकरी बाहेरच्या पिठाची. हे आपल्याकडंही होऊ शकतं. म्हणून दूध, गूळ, करडईचं तेल, डाळ, मिरची जे काही ताटात येईल ते आधी शिवारातून घ्यायचं, भाव गावासमोर ठरवायचा, आणि हिशेबाची वही पारावर वाचायची. गावात नसेल ते ताटात नसलं तर बिघडत नाही. पनीर मागणाऱ्या पाहुण्याला प्रेमानं आणखी एक उंडा वाढावा.

शेजाऱ्याच्या रानाकडंही बघा, कारण तो तुमच्याकडं बघतोच आहे. गाड्या उभ्या कुठं राहणार? पाणंद अरुंद आहे. त्याच वाटेनं त्याचा ट्रॅक्टर जातो, सुगीत त्याची रास जाते. रात्री मोठ्यानं गाणी लागली तर त्याच्या गोठ्यातली जनावरं बुजतात. पाहुण्याचं लेकरू हरभरा उपटून खाईल. येळवशीला ते चालतं, रोज कसं चालेल? त्याच्या ओंजळीत काही न पडता त्यानं हे सगळं सोसावं, अशी अपेक्षा धरू नये. बागेच्या पहिल्या बैठकीला धुऱ्याचे चारही शेजारी हवेत, आणि बागेत काही देण्याआधी त्यांना काय हवंय ते ऐकायला हवं.

आता वर्ष डोळ्यांसमोरून जाऊ द्या. मृगात पेरणी, तेव्हा पाहुण्यानं यायचं तर चिखलात यायचं आणि हात भरवायचे. श्रावणात रानभाज्या. दिवाळीनंतर हिरवा हरभरा, मग येळवस, मग हुरडा. संक्रांतीपासून काढणी-मळणी. चैत्रात चिंचा फोडणं, सांडगे, पापड, कुरडया. गच्चीवर नाहीतर अंगणात बायकांचा जथा बसतो, आणि त्यात बसायला मिळणं हाच पाहुणचार. मग वैशाख. विहीर तळाला गेलेली. या महिन्यात बाग बंद ठेवावी, असं माझं मत आहे. झाडं जगवायला लागेल तेवढंच पाणी वापरावं आणि फाटकावर तसं सरळ लिहावं की पाणी कमी आहे, मृगानंतर या. हे वाचून परत जाणाऱ्या माणसाला मराठवाड्याविषयी जे कळेल, ते एखाद्या जेवणातूनही कळणार नाही.

ऊन आता डोक्यावर आलंय. उठायची वेळ होत आली. ढेकूळ हातात असेल तर जागच्या जागी ठेवा. उठण्याआधी मनातल्या बागेत एकदा चुलीपाशी जा. तिथं एक बाई भाकरी थापतेय. काटवटीत पीठ मळणं, तळहाताच्या कडेनं गोल वाढवणं, पाण्याचा हात फिरवणं, तव्यावर टाकणं, निखाऱ्यावर फुगवणं. आणि लगेच पुढची. पंगतीत चाळीस माणसं असतील तर किमान ऐंशी भाकरी. घरचं करून ती इथं आलीय, आणि इथलं उरकून पुन्हा घरी जाणार आहे. सण वर्षातून एकदा येतो म्हणून रात्रभराचं जागरण ती हौसेनं काढते. बाग दर आठवड्याला भरेल. तेव्हा ती कुठल्या वारी उघडी ठेवायची, किती माणसांचं बोलावणं घ्यायचं, चुलीशी किती जणी लागतील आणि जेवायला त्या कधी बसतील, हे तिला आणि तिच्या सोबतिणींना विचारायला आज संध्याकाळीच जा. त्या सांगतील तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा; बाकीचा आराखडा त्याच्या खाली.